एकाच गुडघ्याची जिग

वहिनींचे उजवे पाऊल ओल्या मातीत सारखे उमटत नसे. टाचेचा आणि बोटांचा ठसा उथळ असे, बाहेरची कड मात्र खोल. पाऊल कलते करून कोणी मुद्दाम दाबावे तशी. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात पाणी भरून झाले की मी त्या ठशांवरून त्यांना शोधत जाई. फुलकोबीच्या सऱ्यांतून, झेंडूच्या वाफ्यांच्या कडेने, थेट पाटापर्यंत. निंदणीला आलेल्या बायकांची पावले त्यांत मिसळलेली असत, पण ती कलती कड मला कधी चुकली नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पत्नी. त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी दुसरीत होतो. पुढच्याच वर्षी पंचवटीच्या भाजीबाजाराला निघालेली कोबीची बैलगाडी उतारावर कलंडली आणि त्यांच्या उजव्या मांडीचे हाड मोडले. सरकारी रुग्णालयात हाडाच्या पोकळीत एक पोलादी सळई ठोकून ते जोडण्यात आले. जोडले गेले खरे, पण सळईसकट किंचित वाकून. वर्षभराने सळई काढायला या, असे सांगितले होते. त्या सुमारास टोमॅटोचा तोडा सुरू झाला, नंतर मूल झाले, आणि सळई होती तिथेच राहिली.

हाड जुळेपर्यंतचे काही महिने त्या ओसरीवर खाटेला खिळून होत्या. मी तेव्हा अतिशय बुजरा मुलगा होतो. वर्गात धडा वाचायला उभे केले की आवाज घशातच राही आणि गुरुजी पुढच्या मुलाला उठवत. घरात ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती; वहिनींनी ती कशी ओळखली, मला ठाऊक नाही. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने मला रोज संध्याकाळी खाटेपाशी उभे करून धडे वाचायला लावले.

"मोठ्यानं वाचा भावजी," त्या म्हणत. "भिंतीला नका वाचून दाखवू. पत्र्यावरची चिमणी उडाली पायजे."

त्यांच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान असूनही मी भावजीच होतो, आणि रागावतानाही त्या मला अहोजाहोच करत. चिमणी उडेपर्यंत वाचायला मला पावसाळाभर लागला. पुढे मी अभियांत्रिकीची पदवी घेतली, त्याची मुळे कुठेतरी त्या खाटेपाशी आहेत, असे मी मानतो. हे त्यांना कधी सांगितले नाही. आज निवृत्त झाल्यावर प्रथमच काही लिहायला बसलो आहे, ते या न सांगितलेल्या गोष्टीमुळेच.

नव्वदच्या दशकात मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूमला होतो. टूलरूममध्ये गाड्यांचे भाग बनत नाहीत. ते भाग बनवण्यासाठी लागणारी साधने बनतात. त्यांतले एक साधन म्हणजे जिग. एखाद्या ओतीव भागाला ठरावीक जागी भोक पाडायचे असेल, तर कामगाराने दर वेळी मोजमाप घेत बसायचे नसते. तो भाग जिगमध्ये ठेवायचा, आणि जिगला जिथे वाट ठेवलेली असेल तिथून ड्रिल खाली सोडायचे. हजार भाग आले तरी हजारांना भोक एकाच जागी पडते. जिग स्वतः काही कापत नाही. कापणाऱ्याला ती जागा आणि दिशा दाखवते, एवढेच.

हे काम मला आमच्या फोरमननी शिकवले. ते माझ्याहून कमी शिकलेले आणि हुद्द्यानेही खालचे होते, म्हणून मला साहेब म्हणत. कोणतीही वस्तू जागच्या जागी पक्की करायची तर तिला सहा टेकू पुरतात, असे त्यांचे सांगणे असे: तीन खालून, दोन बाजूने, एक समोरून. सातवा टेकू दिला की वस्तू डुलू लागते. माझ्या पाठ्यपुस्तकातही हे होते, पण कळले ते त्यांच्या अंगठ्याखाली. जिगमध्ये भाग बसवून ते त्याच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने अंगठा दाबत आणि डोळे मिटून घेत. हलले तर बोटांना कळते, डोळ्यांना नाही, असे म्हणत.

एकदा एका रेखाटनातले एक माप मला चुकीचे वाटले. रेखाटन वरिष्ठांनी काढलेले होते. आज विचारू, उद्या विचारू, असे करत मी तीन दिवस गप्प राहिलो. चौथ्या दिवशी सकाळच्या पाळीतले सगळे भाग तपासणीत बाद झाले. फोरमननी माझ्या टेबलावरची ती प्रत पाहिली. तिच्यावर त्या मापाभोवती मी पेन्सिलीने काढलेले वर्तुळ होते.

"साहेब, तुम्ही पाहिलं होतं ना?" त्यांनी विचारले.

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी हे कोणाला सांगितले नाही. बाद भाग वितळवायला परत भट्टीत गेले आणि आठवडाभरात सगळे जण ती गोष्ट विसरले.

त्याच वर्षांत केव्हातरी वहिनी टोमॅटोचा रिकामा क्रेट उपडा घालून त्यावर बसून निंदू लागल्या. आधी उकिडवे बसणे सुटले, मग देवापुढची मांडी सुटली. पाय गुडघ्यात बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकत चालला. वाकड्या जुळलेल्या हाडामुळे शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावरच पडत होता आणि तिथली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, झिजून गेली होती. गावातले लोक याला वंगण संपले म्हणतात.

"वंगण संपलं म्हणत्यात," वहिनी मला म्हणाल्या. "मग तुमच्या मशिनीत घालता तसं घाला की थोडं. लय नाय मागत."

लेप झाले, गोळ्या झाल्या, सुया झाल्या. अशी दहा-बारा वर्षे गेली. दोन हजारचे दशक सरत आले, तोवर त्यांना घरापासून विहिरीपर्यंत जाताना मध्ये दोनदा थांबावे लागत होते. भावाने फार आग्रह केला तेव्हा त्या सांधा बदलण्याबद्दल विचारायला तयार झाल्या, तेही मी बरोबर आलो तर.

डॉक्टर माझ्याहून तरुण होते आणि घाईत नसत. त्यांनी पडद्याला लावलेल्या क्ष-किरण चित्रावर मांडीच्या हाडातली ती जुनी सळई आम्हाला दाखवली. सांधा बदलताना मांडीच्या हाडाचे खालचे टोक एका ठरावीक कोनात कापावे लागते, ते म्हणाले. तो कोन मिळवण्यासाठी एरवी हाडाच्या पोकळीत एक लांब दांडा घालतात आणि त्याला धरून कापण्याची दिशा ठरवतात. इथे पोकळीत जागाच नव्हती. सळई काढायची तर आणखी एक मोठी शस्त्रक्रिया, आणि चाळीस वर्षांत हाड तिच्याभोवती घट्ट झालेले. काढताना ते फुटण्याची भीती होती. हल्ली परदेशात रुग्णाच्या स्कॅनवरून त्याच्याच हाडाच्या आकाराचा एक साचा बनवतात, असेही त्यांनी सांगितले. तो साचा हाडाच्या टोकावर टोपीसारखा बसतो आणि त्यातल्या फटीतून करवत चालवायची असते. दांड्याची गरजच उरत नाही.

"म्हणजे जिग," मी म्हणालो.

त्या खोलीत शिरल्यापासून मी बोललेला तो पहिला शब्द होता. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून मी काय करतो ते विचारले. मी सांगितले. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या चित्राकडे पाहिले आणि असा साचा तुमच्याकडे बनवता येईल का, असे विचारले.

पुढचे सगळे सावकाश आणि रीतसर झाले. डॉक्टरांनी त्यांच्या वरिष्ठांशी चर्चा केली. वहिनींच्या पायाचे स्कॅन झाले. त्यावरून त्यांच्या मांडीच्या हाडाच्या टोकाचा हुबेहूब प्लास्टिकचा नमुना पुण्याहून बनवून आणला. आमच्या मालकांनी यंत्रे वापरायला परवानगी दिली. शस्त्रक्रियेची हत्यारे ज्या स्टेनलेस पोलादाची असतात, तसाच ठोकळा आणून आम्ही यंत्रावर त्याच्या पोटात त्या हाडाचा आकार कोरला. फट कोणत्या कोनात असावी ते डॉक्टरांनी कमरेपासून घोट्यापर्यंतच्या लांब चित्रावरून काढून दिले. जिग बसली नाही, तर बाहेरून दांडा धरून अंदाजाने कापता येईल, असे ते म्हणाले. पण वाकड्या हाडावर तो अंदाज किती खरा ठरेल, याची हमी त्यांना देता येत नव्हती. कोन चुकला तर भार पुन्हा एकाच बाजूला पडणार आणि नवा सांधा काही वर्षांतच ढिला होणार. साठीच्या घरातल्या बाईचा पाय पुन्हा उघडायची वेळ येऊ नये, एवढेच त्यांना वाटत होते. मलाही.

टूलरूमच्या रिवाजाप्रमाणे मी जिगच्या दोन प्रती केल्या. पहिली प्रत प्लास्टिकच्या हाडावर ठेवली, ती अलगद सरकत जाऊन बसली. लोण्यातून बोट जावे तशी. मला फार समाधान वाटले. डॉक्टरांनीही ती दोनतीनदा काढून-घालून पाहिली आणि खूश होऊन ठेवून घेतली. संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी त्यांनी वहिनींना सगळे नीट समजावले: साधन इथे अंबडला बनले आहे, आमच्या दोघांच्याही दृष्टीने ते नवीन आहे, शंका असेल तर आत्ताच विचारा. गुडघा नीट झाला तर वणीच्या देवीचा गडही जपून चढता येईल, असे उमेद द्यायला म्हणाले.

"गड ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "वाफ्यातनं चालले तरी बास. आन् शंका कशाची? भावजींनी केलंय ना? मग हलणार नाय." आणि त्यांनी सही केली.

शस्त्रक्रिया सोमवारी ठरली. रक्तातली साखर आटोक्यात आणण्यासाठी वहिनी शुक्रवारीच दाखल झाल्या. शनिवार हा आमचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. पण जिगचा तपासणी-कागद भरायचा राहिला होता, म्हणून मी सकाळी कारखान्यात गेलो. तो कागद कोणी मागितला नव्हता. केवळ इतक्या वर्षांच्या सवयीने मला तो भरल्याशिवाय चैन पडत नव्हती.

आमच्या तपासणी-कागदावर दहा रकाने असत. जिग तयार झाली की तिच्यात दहा वेगवेगळे भाग एकेकदा बसवायचे आणि प्रत्येकाची नोंद करायची, ही पद्धत. मी पहिल्या रकान्यात नोंद केली आणि थांबलो. पुढचे नऊ रकाने कशाने भरायचे? भाग तर एकच होता. जगात दुसरा नव्हता. त्या रिकाम्या रकान्यांवर रेघ मारून कागद फाइलला लावता आला असता. पण ते नऊ चौकोन पाहून मला अस्वस्थ वाटू लागले आणि मी तेच हाड दहा वेळा बसवायचे ठरवले.

खुणा उठून दिसाव्यात म्हणून टूलरूममध्ये वापरतात तो निळा रंग हाडाच्या नमुन्यावर पातळ लावला. जिगची दुसरी प्रत बसवली, तिला हाडावर खिळवण्यासाठी ठेवलेल्या भोकातून अणकुचीदार सुई घालून एक ठिपका उमटवला, जिग काढली. पुन्हा बसवली, पुन्हा ठिपका. असे दहा वेळा. दहा ठिपके एकावर एक पडून एकच दिसायला हवा होता. तिथे मोहरीचे दाणे सांडावेत तसे ठिपके पसरले होते. टोकाच्या दोन ठिपक्यांत मिलिमीटरभर अंतर भरले. गाडीच्या भागात ते कदाचित चालले असते. पण गुडघ्यापाशी मिलिमीटरभर तिरके झालेले माप खुब्यापर्यंत पोहोचेतो करंगळीच्या जाडीएवढे होते.

मी नमुना हातात घेऊन कोपऱ्यांवर आळीपाळीने अंगठे दाबले आणि डोळे मिटले. जिग हलत होती. अगदी थोडी, पण हलत होती.

चूक शोधायला वेळ लागला नाही. ती माझ्या हाताच्या वळणातच होती. आयुष्यभर मी हजार भागांसाठी जिगा केल्या. हजार ओतीव भागांतला एकही दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो, म्हणून जिगच्या पोटात चहूबाजूंनी थोडी मोकळीक ठेवायची असते. त्या मोकळिकीला आम्ही चांगले काम समजतो. इथेही माझ्या हाताने ती ठेवली होती, न विचारता. अलगद सरकत बसली म्हणून मी सुखावलो होतो आणि दोष नेमका त्यातच होता. जिला एकाच माणसाला बसायचे आहे, तिने इतके सहज बसता कामा नये. ती दुसऱ्या कोणत्याही जागी बसायला नकार देणारी हवी.

कारखान्यापासून रुग्णालयापर्यंत मी स्कूटरवरून गेलो आणि वाटेत वेगवेगळ्या प्रकारे वाक्ये जुळवत राहिलो. एका जुळणीत जिग चुकली नव्हती, फक्त "थोडी सुधारणा शक्य" होती. दुसरीत मी डॉक्टरांना ती जरा घट्ट दाबून धरायला सांगत होतो. डॉक्टरांच्या दारापाशी पोहोचल्यावर मी सरळ आत न जाता रुग्णांच्या रांगेत बसलो आणि माझ्या पुढचे सहा रुग्ण एकेक करून आत जाऊ दिले. माझ्या अंगठ्याला निळा रंग लागलेला होता. तो मी रुमालाने पुसत होतो आणि तो निघत नव्हता. बाद झालेले भाग परत भट्टीत गेले होते. इथे भट्टी नव्हती.

आत गेल्यावर मी नमुना आणि दुसरी प्रत टेबलावर ठेवली. म्हणालो की, सोमवारी ही वापरू नका. ही बसत नाही.

"परवा तर बसली होती," डॉक्टर म्हणाले.

"बसते. पण दर वेळी वेगळी बसते."

"खात्री आहे तुम्हाला?"

मी निळ्या रंगावरचे दहा ठिपके दाखवले, अंगठे दाबून जिग कशी हलते तेही दाखवले. त्यांनी जिग हाती घेतली, बसवली, माझे पाहून कोपऱ्यांवर अंगठे दाबले. पुन्हा काढली, पुन्हा बसवली, जरा जोरानेच. मला वाटले, ते रागावले आहेत. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि प्लास्टिकच्या हाडावर एका बाजूला रेघोट्या मारल्या. या भागावर कूर्चा अजून शिल्लक आहे, ते म्हणाले. ती मऊ असते, स्कॅनमध्ये हाडासारखी दिसत नाही, त्यामुळे या नमुन्यावर ती आलेलीच नाही. तुमची जिग इथेही टेकते आहे. प्रत्यक्ष गुडघ्यावर ती या मऊ थरावर उचलली गेली असती. माझ्या हे आधी लक्षात यायला हवे होते, असे ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. नंतर त्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याचा निरोप शस्त्रक्रियागृहात पाठवला आणि वहिनींना कोणी सांगायचे, असे मला विचारले. मी सांगतो, म्हणालो.

वहिनींची खाट खिडकीपाशी होती. भाऊ पायथ्याशी वर्तमानपत्र वाचत बसला होता, शेजारच्या खाटेवरची बाई संत्रे सोलत होती. मी कशी सुरुवात केली ते आठवत नाही. बहुधा सुरुवात केलीच नसावी, नुसते ओठ हलले असावेत.

"मोठ्यानं बोला," वहिनी म्हणाल्या. "भिंतीला काय सांगताय?"

"मी केलेली जिग चुकली," मी म्हणालो. "ती हलते. सोमवारचं ऑपरेशन होणार नाही."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. संत्रे सोलणारे हात थांबले. भावाने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. वहिनी माझ्या अंगठ्याकडे पाहत होत्या.

"हात कशानं निळा झाला?"

मी दहा ठिपक्यांचे सांगितले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कुणाला तरी काय झालं. तुमचं तोंडच तसं दिसत हुतं." मग भावाकडे वळून म्हणाल्या, "आवरा. कोथिंबीर काढायला आली हाय, तेवढी तरी निघंल. आन् यांना त्या डब्यातलं काहीतरी खाऊ घाला, नायतर इथंच भरती करावं लागंल."

खाटेवरून उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. दारापाशी आल्यावर, भाऊ पुढे गेल्याचे पाहून, हळूच विचारले, "दुसरी केली तर ती नाय ना हलणार?"

मला हो म्हणता आले नाही. "दहा वेळा बसवून बघेन," मी म्हणालो.

"अकरा वेळा बघा."

दुसऱ्या जिगचे काम सुमारे तीन आठवडे चालले. डॉक्टर दोनदा अंबडला आले आणि यंत्रांच्या आवाजात माझ्या टेबलापाशी उभे राहून, कूर्चा पूर्ण झिजून हाड उघडे पडलेल्या जागा पेन्सिलीच्या वर्तुळांनी दाखवत गेले. या वेळी जिगचे पोट मी हाडाला लागूच दिले नाही. आतून सहा लहान पाय काढले. तीन, दोन आणि एक. त्यांतला प्रत्येक पाय त्या वर्तुळांपैकी एकात टेकत होता, आणि प्रत्येक पायाचे टोक त्या जागच्या उंचवट्याला जुळेल असे हाताने घासले. मोकळीक कुठेच नव्हती. नमुन्यावर ती पहिल्या प्रयत्नात बसलीच नाही. थोडी फिरवली, कलवली, आणि मग बारीक आवाज करून ती अशी बसली की माझा अंगठा कुठेही दाबला तरी काही कळले नाही. निळ्या रंगावर अकरा वेळा सुई टेकवली. भिंगाखाली एकच ठिपका होता, कडेने किंचित रुंदावलेला. फोरमन त्याआधीच निवृत्त होऊन गावी गेले होते, नाहीतर त्यांच्या हाती दिली असती. तपासणी-कागदावरच्या दहा रकान्यांत मी दहा नोंदी केल्या आणि अकराव्यासाठी समासात एक चौकोन आखला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भाऊ आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. आम्हा दोघांना एकमेकांशी फारसे बोलायची सवय नाही. तरी तो मधूनमधून विचारत होता, "आत्ता बसवली असंल का?" आणि मी दर वेळी, "अजून नसेल," असे म्हणत होतो; पुढे कधीतरी, "आता बसवली असेल," म्हणालो आणि त्यानंतर त्याने विचारले नाही.

डॉक्टर बाहेर आले ते टोपी काढतच. वहिनी ठीक असल्याचे त्यांनी आधी भावाला सांगितले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पहिल्यांदा बसेचना. मी घाबरलो होतो. जरा फिरवली, तर टक्कन बसली. नंतर मीच हलवून पाहिली, हलली नाही." त्यांनी दोन्ही अंगठे पुढे करून हवेतच दाबून दाखवले. 

घरी जाताना वहिनींनी ती जिग मागून घेतली. आता ती कोणाच्या उपयोगाची, असे त्यांनी मला विचारले. कोणाच्याच नाही, मी म्हणालो. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही गुडघ्याला ती बसणार नव्हती, आणि ज्या हाडाला बसत होती ते हाडही आता तसे उरले नव्हते. आमच्या धंद्यात एकच भाग करणाऱ्या जिगला कोणी जिग म्हणणार नाही. एवढा खटाटोप लाखो भाग सारखे करण्यासाठीच असतो. वहिनींनी ती तळहातावर तोलून पाहिली. "जड हाय," म्हणाल्या, आणि खिडकीत ठेवलेल्या बियाण्यांच्या पाकिटांवर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून, ती ठेवून दिली. अजून तिथेच आहे.

व्यायाम, सूज, रडकुंडीला आणणारे जिने, हे सारे पुढे झालेच. मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे कायमचे बंद झाले. निंदणी त्यांना पुन्हा करता आली नाही आणि ते त्यांना फार लागले. क्रेटवर बसून दुसऱ्यांचे निंदणे पाहताना त्या मुद्दाम भांडण काढत.

पाचसहा महिन्यांनी एका शनिवारी सकाळी मी मळ्यात गेलो. फुलकोबीला नुकतेच पाणी दिलेले होते. सवयीप्रमाणे मी सरीत उतरून ठसे पाहिले. कामाला आलेल्या एका वयस्क बाईची पावले तेवढी दिसली; दोन्ही सारखी, सपाट, आणि शेजारी काठीची बारीक छिद्रे. वहिनींचे पाऊल कुठेच नव्हते. अजून घरातच असतील असे समजून मी घराकडे गेलो. भाऊ अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. ती तर केव्हाची पाटावर गेली, तो म्हणाला, तुला दिसली कशी नाही?

मी परत त्याच सरीने निघालो. पाटापाशी वहिनी काठी टेकून उभ्या होत्या.

"ह्याच सरीतनं चालत आले की मी," त्या म्हणाल्या. "घराकडं कशाला गेला होता?"

तुमची पावले मला ओळखता आली नाहीत, असे मी सांगितले. त्यांना ते लगेच कळले नसावे. त्या वळल्या आणि आपण आलो त्या सरीकडे पाहू लागल्या. पाणी मुरत होते, ठशांच्या कडा अजून ताज्या होत्या. आतापर्यंत त्यांनी स्वतःचे पाऊल असे मागे वळून कधी पाहिले असेल, असे मला वाटत नाही.

"ही माझी?" त्यांनी विचारले.

मी वाकून शेवटच्या ठशाची बाहेरची कड बोटाने चाचपली, मग आतली; दोन्ही सारख्याच खोल होत्या. "तुमचीच," मी म्हणालो.

 मग काठीचे टोक माझ्या बुटाला लावून त्यांनी मला बाजूला व्हायला सांगितले, कारण पाणी पुढच्या सरीत वळवायचे होते आणि मी नेमका त्या तोंडाशी उभा होतो.